पाठीवरच्या गुंड्या

सातव्या एडवर्डच्या काळातील इंग्रज बाईच्या नटव्या ब्लाउजाच्या गुंड्या पुष्कळदा पाठीवर असत. मानेपासून कमरेपर्यंत एका ओळीत बसवलेल्या, मटाराच्या दाण्याहूनही लहान अशा गुंड्या, किंवा त्यांच्या जागी दुमडीत दडवलेले हूक. ही गोष्ट पुस्तकात वाचून समजते. उमगते मात्र तसा ब्लाउज स्वतःच्या अंगावर चढवल्यावर. हात मागे जातात, वरच्या दोन आणि खालच्या दोन गुंड्या कशाबशा लागतात, आणि मधला वीतभर प्रदेश कोणत्याच हाताच्या टप्प्यात येत नाही. हे वस्त्र घालणारीच्या मागे दुसरी कोणी बाई उभी असणार, हे ते बेतणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. या लेखात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहोत, त्याचे कारण शैलीचे नसून शिवणाचे आहे.

आम्ही म्हणजे हातकणंगल्यातील एका घरातल्या दोघी जावा. धाकटी महाविद्यालयात मराठी शिकवते. थोरली घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश शिवते. लिहिणारा हात धाकटीचा असला तरी पुढील मजकुरातील बहुतेक निरीक्षणे थोरलीची आहेत. जी चूक येथे कबूल करायची आहे ती मात्र सर्वस्वी धाकटीची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लग्नसराईचे ब्लाउज शिवून तयार होते आणि लग्ने रद्द झाली होती. काही आठवडे मुखपट्ट्या शिवण्यात गेले. नंतर तेही काम ओसरले, आणि घरात उरले ते केंब्रिकचे तागे, पायाने चालणारे यंत्र आणि रिकामे दिवस. रात्री आम्ही मोबाइलवर ‘डाउनटन ॲबी’ पाहात असू. मालिका १९१२ मध्ये, टायटॅनिक बुडाल्याच्या वार्तेने सुरू होते; काटेकोरपणे पाहता एडवर्ड (कारकीर्द १९०१ ते १९१०) तोवर निवर्तलेला होता. परंतु वस्त्रांच्या इतिहासात हा काळ पहिल्या महायुद्धापर्यंत ताणण्याची रूढी आहे. कथानकाशी थोरलीला कर्तव्य नव्हते. “थांब, मागं घे. ती बाही बघू दे परत,” असे म्हणत तिने एकेका प्रसंगाची इतकी पारायणे केली, की तेथील जमीनदारीचे काय झाले हे आम्हांला आजही नीटसे सांगता येणार नाही. बाही मात्र शिवता येते.

छंदाची सुरुवात अशी झाली. जॅनेट अर्नोल्ड यांच्या ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या ग्रंथमालेचा दुसरा भाग (त्यात साधारण १८६० ते १९४० या काळातील इंग्रज स्त्रियांचे पोशाख उलगडून, चौकटींच्या कागदावर बेतून दाखवले आहेत) आम्ही पुढे मिळवला. हा ग्रंथ साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी चाळावा असे आम्हांला वाटते. संग्रहालयातील खऱ्या वस्त्रापाशी बसून बाईंनी त्याची प्रत्येक शिवण, प्रत्येक जोड, कोठे कापड पुरले नाही म्हणून लावलेला तुकडा, हे सारे मोजून मांडले आहे. पाठचिकित्सेचे आदर्श उदाहरण म्हणून आपण ज्ञानेश्वरीच्या प्रतींकडे बोट दाखवतो. हे त्याच जातीचे काम आहे, फक्त पाठ कापडाचा आहे.

कापड बाहेरून आणण्याची गरज पडली नाही. इचलकरंजी आमच्याच तालुक्यात. तेथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, म्हणजे नेमका एडवर्डच्या कारकिर्दीच्या मध्यावर. ज्या पातळ, शुभ्र, चुण्यांना वश होणाऱ्या सुती कापडावर त्या काळातील उन्हाळी इंग्रजी पोशाख उभा आहे, त्याचे भाऊबंद तिथल्या मागांवर आजही विणले जातात. कॉर्सेटच्या सळ्यांसाठी देवमाशाचे हाड मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ती गरज या छंदातले जगभरचे लोक भागवतात तशी आम्हीही विजेच्या सामानाच्या दुकानातील जाड केबल टाय कापून भागवली. दुकानदाराने “वायरिंग कुठं चाललंय?” असे विचारले, तेव्हा खरे उत्तर देण्याचे धैर्य दोघींपैकी एकीलाही झाले नाही.

ते पहिले कॉर्सेट अंगावर चढले एप्रिलच्या दुपारी. १९०० च्या सुमारास आलेले हे सरळ पुढच्या पट्टीचे कॉर्सेट छाती पुढे आणि कंबर मागे ढकलते. बाजूने पाहिल्यास बाई इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी दिसते. फुफ्फुसांचा वरचा भागच तेवढा मोकळा राहतो. शिकवणारीने प्रयोग म्हणून ते घालून निबंधमालेचे एक पान मोठ्याने वाचून पाहिले. चिपळूणकरांचे वाक्य पुरे होईना. दुसऱ्या की तिसऱ्या उपवाक्यापाशी श्वास संपे, आणि क्रियापद येण्याच्या आत पुन्हा भरून घ्यावा लागे. गद्याची लांबी छातीच्या घेरावर अवलंबून असते, हा सिद्धांत मांडण्याचा मोह आम्हांला तेव्हा झाला होता. सिद्धांत मांडण्याच्या या खोडीचे परिणाम पुढे येतीलच.

पुढच्या थंडीत आम्ही पांढरे ब्लाउज आणि टाचेपर्यंतचे घेरदार झगे घालून, छत्र्या उघडून, रेल्वे स्थानकावर गेलो. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ पासून वाहता आहे, तेव्हा स्थळकाळाचा मेळ चुकला नव्हता. फलाटावरील मंडळींनी क्षणभरच पाहिले. कोल्हापूर जिल्ह्यात विचित्र वेशातल्या बाया दिसल्या की त्याचा एकच अर्थ होतो. “शूटिंग हाय काय?” एकाने विचारले, आणि आम्ही नाही म्हणताच त्याचा रस संपला. एका पोराने मात्र दोघींना निरखून पाहून, “मग हिरोईन कुठाय?” अशी पृच्छा केली. तो प्रश्न आमच्या घरात अजूनही वरचेवर विचारला जातो.

परंतु त्या फलाटावर थोरलीने एक गोष्ट बोलून दाखवली, आणि येथून पुढे छंदाला वेगळे वळण लागले. “हे सगळं मडमांचं झालं,” ती म्हणाली. “त्या साली आपल्या घरातल्या बाया काय घालत होत्या?”

प्रश्न साधा होता आणि आम्ही दोन वर्षे तो टाळला होता. ज्या दशकाचे कपडे आम्ही हौसेने शिवत होतो, ते दशक या भागाचे काय होते? १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेस गेले, आणि तेथे असतानाच त्यांचा २६ जुलैचा तो जाहीरनामा निघाला, ज्याने करवीर संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९०५ च्या ऑक्टोबरात सावरकरांच्या पुढाकाराने पुण्यास विदेशी कपड्यांची होळी झाली. आम्ही ज्या प्रकारची लेस मीटरमागे पैसे मोजून आणत होतो, तसली लेस तीत नक्कीच जळाली असेल. १९१० मध्ये रमाबाई रानड्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. आणि १९०५ मध्येच, आमच्यापासून आगगाडीने जेमतेम तासाभरावर असलेल्या मिरजेत, नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या कोवळ्या वयाच्या मुलाने किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून रंगभूमीवर पाऊल टाकले. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे, त्यांचे दागिने, त्यांची केशरचना यांचे अनुकरण पुढे घरंदाज बायकांनी केले. मराठी स्त्रीच्या त्या काळातील वेशाचा सर्वांत प्रभावी नमुना एक पुरुष होता, ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकली आहे की तिचे नवल वाटेनासे झाले आहे.

बायकांचे स्वतःचे कपडे मात्र हाती लागत नाहीत. राजघराण्याची वस्त्रे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात काचेआड आहेत. चित्रे आहेत: रविवर्म्याच्या शिळाछापांतील नऊवारी नेसलेल्या देवता आहेत, आणि कोल्हापुरात वाढलेल्या धुरंधरांनी काढलेल्या स्त्रिया आहेत, ज्यांत नेसण्याची तऱ्हा जातीपातीगणिक, गावागणिक कशी बदलते हे बारकाईने टिपले आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरातले रोजचे लुगडे फाटेपर्यंत नेसले जाई. फाटल्यावर त्याची वाकळ होई. वाकळ विटल्यावर पोतेरे. संग्रहालयापर्यंत पोहोचायला काही उरतच नसे.

आमच्या घरात एक छायाचित्र होते. दिवाणखान्यात, घड्याळाच्या खाली. त्यात आमच्या सासूबाईंच्या आजेसासूबाई (घरात त्यांना थोरल्या आई म्हणतात) एका नक्षीदार खुर्चीशेजारी उभ्या आहेत. खुर्चीत त्यांचे यजमान, मांडीवर फेटा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली. पुठ्ठ्याच्या मागल्या बाजूस मोडीत शके १८३० अशी नोंद आहे, म्हणजे इसवी १९०८-०९. थोरल्या आईंचे वय तेव्हा विशीच्या आतबाहेर. नेसण नऊवारी, पदर डोक्यावरून. आणि अंगात चोळी नव्हे, तर उंच गळपट्टीचे, लेस लावलेले, बाहीला उभ्या चुण्या घातलेले लांब हातांचे पोलके. ब्लाउजाचा विलायती अवतार पाहून झालेल्या डोळ्यांना ते नाते तत्काळ दिसते: तीच गळपट्टी, तीच मनगटापाशी फुगलेली बाही.

या छायाचित्रावर आमच्यापैकी शिकवणारीने पूर्वीच एक निबंध लिहिला होता. एका चर्चासत्रात तो वाचला गेला, मग नियतकालिकात छापला गेला, आणि त्याचे बरे स्वागतही झाले. निबंधाचा मुद्दा असा, की पोलके हे त्या काळी ब्राह्मण-प्रभू सुधारकांच्या घरांतील स्त्रियांचे वस्त्र मानले जाते. परंतु शाहू महाराजांच्या जाहीरनाम्यानंतर अवघ्या सहा वर्षांत हातकणंगल्याच्या शेतकरी घरातील एक तरुणी ते घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहते, म्हणजे वेशाची जातिबद्धता कागदावरच्या इतिहासाला कळण्याआधीच सैल झाली होती. थोरल्या आईंची डावी बाही गोठांच्या वर सारलेली आहे. निबंधात तिला ‘कष्टाची सवय न सोडलेल्या हाताची खूण’ म्हटले होते. त्यांची नजर सरळ भिंगात आहे, भुवया किंचित आक्रसलेल्या. तिला ‘पाहणाऱ्याला प्रश्न विचारणारी दृष्टी’ म्हटले होते. हे शब्द येथे उतरवताना हात जड होतो. पण ते छापलेले आहेत.

तेच पोलके शिवायचे, असे आम्ही फलाटावरून परतताना ठरवले.

मापे काढण्यास दोन आधार होते. पहिला आधार गोठांचा. छायाचित्रात थोरल्या आईंच्या डाव्या हातात जे चांदीचे गोठ आहेत, ते आजही घरात आहेत; त्यांचा व्यास पट्टीने मोजला, छायाचित्र मोठे करून छापून घेतले, की त्या प्रमाणाने बाहीची लांबी, गळपट्टीची उंची, खांद्याची रुंदी यांचे ठोकताळे बांधता येतात. दुसरा आधार अनपेक्षितपणे सापडला. सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, आमची खटपट काही दिवस मुकाट्याने पाहिली आणि एके सकाळी ट्रंकेतून एक पुरचुंडी आणून यंत्रावर ठेवली. तीत थोरल्या आईंची खणाची चोळी होती. रंग उडालेला, काखेत घामाने कापड विरलेले, पण शिवण शाबूत.

चोळी ही मोठी शहाणी वस्तू आहे, असे थोरलीचे मत त्या दिवशी पक्के झाले. कापडाचा एक कणही वाया जाऊ नये अशी बेतलेली. काखेतल्या लहानशा चौकोनी तुकड्यामुळे हात वर केला तरी ताण पडत नाही. आणि पुढे गुंडी नाही, हूक नाही, दोन टोकांची एक गाठ. बाळंतपणाआधी, बाळंतपणात, नंतर, अंग भरो की उतरो, गाठ तेवढी घट्ट-सैल होते. मुख्य म्हणजे ती बाईची बाईला बांधता येते. मागे कोणी उभे राहावे लागत नाही.

त्या चोळीवरून थोरल्या आईंचे अंग कळले. छाती अठ्ठावीस इंच, खांदे अरुंद, दंड बारीक. शिवणारीने त्या मापाने पोलके बेतले. कच्चे धागे घातले, आणि शेजारची तशाच अंगलटीची एक मुलगी बोलावून तिच्या अंगावर चढवले. पोलके सुरेख बसले, आणि छायाचित्रातल्यासारखे मुळीच दिसेना.

चार वेळा उसवून झाले. चुण्या बदलल्या, गळपट्टीत कांजीचे अस्तर घातले. शेवटी थोरली मोठे केलेले छायाचित्र घेऊन दारातल्या उजेडात बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “ही खांद्याची शिवण बघ. खांद्यावर न्हाईच ती. दंडावर उतरलीय.” मग एकेक दिसू लागले. उजवी बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत आली आहे. डावी तेवढीच लांब, म्हणून तर ती वर सारावी लागली. गळपट्टी उजवीकडे मानेपासून सुटलेली आहे. गोठांच्या प्रमाणाने हिशेब केला तेव्हा ते पोलके छत्तीसच्या छातीच्या, रुंद खांद्यांच्या, लांब हातांच्या माणसाचे ठरले. आम्ही त्या मापाने नवे शिवले, त्याच मुलीच्या अंगात घातले आणि ढगळलेले कापड पाठीमागे गोळा करून टाचण्यांनी आवळले. पुढून पाहिले, तर छायाचित्र समोर उभे.

आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मग छायाचित्र घेऊन आत्तींकडे गेलो. त्या ज्वारी पाखडत होत्या.

“आत्ती, हे पोलकं थोरल्या आईंचं होतं ना?”

“तिचं कुठलं? फोटोवाल्याचं,” आत्ती सुपातून मान वर न करता म्हणाल्या. “त्येच्या पेटीत असायचं. येईल त्या बाईला त्येच.”

आणि मग, आम्ही जमिनीवर बसलो आहोत हे पाहून, त्यांनी सांगितले. थोरल्या आईंना पोटाच्या दुखण्यासाठी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेले होते. बऱ्या झाल्या, परतीच्या गाडीला अवकाश होता, आणि यजमानांच्या मनात आले की फोटो काढावा. खुर्ची, पडदा, पोलके, सारे फोटोवाल्याचे. “मागनं आठ-धा टाचण्या मारल्या व्हत्या म्हणायची. त्यातली एक डाव्या खांद्याखाली टोचत व्हती. पण हाललीस तर फोटू वाया जाईल म्हणून दटावलं व्हतं, मग बोलती काय? ताटकळत हुबी ऱ्हायली.” आत्ती थांबल्या. “आत चोळी व्हतीच की तिची. चोळी न्हाई सोडली तिनं. त्या वरनं घातलं.”

“हे तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत?” शिकवणारीने विचारले. आवाज चढला असावा.

“तुमी कवा इचारलासा?”

निबंध लिहिताना संदर्भग्रंथांची यादी तीन पानांची झाली होती. सासूबाई त्या वेळी पलीकडच्याच खोलीत होत्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा थोरल्या आई सत्तरीच्या होत्या, आणि पुढली कित्येक वर्षे दोघींनी एका चुलीपुढे भाकरी केल्या. पाहणाऱ्याला प्रश्न विचारणारी ती दृष्टी टाचणीची होती, हे घरातल्या एका माणसाला ठाऊक होते.

या ठिकाणी साहित्याच्या अभ्यासकांकडून एक आक्षेप येऊ शकतो, आणि शिकवणारीने तो स्वतःच्या बचावासाठी वापरूनही पाहिला: पोलके उसने असले तरी ते घालून घेण्याची इच्छा खरी नव्हे काय? उसन्या वस्त्रातही आकांक्षा वाचता येतेच. येते, पण कोणाची? पोलके घालण्याचे यजमानांनी ठरवले, की फोटोवाल्याने, हे आत्तींनाही माहीत नाही. थोरल्या आईंनी त्या प्रसंगात जे एकमेव स्वतःच्या मनाने केलेले आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे आतली चोळी न सोडणे. आणि ते छायाचित्रात दिसत नाही. निबंध दिसणाऱ्या वस्त्रावर उभा होता.

शिवणारीचे एक अनुमान आणखी पुढचे आहे. तिच्या मते ते पोलके बाईच्या मापाचे नव्हतेच. “बाईचं छत्तीस असलं तर गळा एवढा नसतो गं, आणि बाही एवढी लांब कशाला लागंल?” मिरज त्या काळी नाटक मंडळ्यांच्या राबत्याचे गाव, स्त्रीपार्टी नटाचे जुने झालेले पोलके फोटोवाल्याच्या पेटीत जाऊन पडणे काही अशक्य नाही. तसे असेल तर गावोगावच्या किती तरी बायका ‘नव्या स्त्री’च्या वेशात म्हणून ज्या कपड्यात उभ्या राहिल्या, तो एका पुरुषाने स्त्री होण्यासाठी शिवून घेतला होता. शिकवणारीच्या तोंडाला पाणी सुटले, हे लपवण्यात अर्थ नाही. शीर्षकसुद्धा सुचले होते. परंतु पुराव्यादाखल आमच्यापाशी आहेत दोन गोठ, एक अस्पष्ट शिवण आणि थोरलीचा डोळा. तिसरा पुरावा आम्हांला पहिल्या दोहोंपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो. तरी एवढ्यावर लिहायचे नाही असे ठरले. अनुमान म्हणून ते येथे नोंदवले आहे, आणि कोणाच्या घरी त्याच पोलक्यातील दुसऱ्या बाईचे छायाचित्र असेल तर आम्हांला ते पाहायचे आहे.

नियतकालिकाला दुरुस्तीचे पत्र पाठवले. अद्याप छापून आलेले नाही. त्याहून अवघड गेला तो एका विद्यार्थिनीला केलेला दूरध्वनी. तिने आपल्या प्रबंधात ते छायाचित्र आमच्या अर्थासकट घेतले होते, आणि प्रबंध सादर होण्यास महिना उरला होता. तिने सारे ऐकून घेतले. मग विचारले, “मॅडम, मग ते पान काढून टाकू का?” काढू नकोस, टाचण्यांसकट लिही, असे सांगितले खरे, पण एका महिन्यात ज्या मुलीला प्रकरणाची मांडणी बदलावी लागली, तिच्या वाट्याचा तो त्रास आमचा होता. तिने बदलली. ते प्रकरण आता पूर्वीपेक्षा लहान आहे.

छंदाचे काय करायचे, हाही प्रश्न होता. या छंदातील परदेशी मंडळींत, जुनी ढब घ्या पण जुनी मूल्ये घेऊ नका, अशा अर्थाचे एक वचन रूढ आहे. वचन चांगले आहे. परंतु ढब आणि मूल्य यांची शिवण कोठून उसवायची ते त्यात सांगितलेले नाही. ज्या वस्त्राने थोरल्या आईंना ताटकळत ठेवले ते आम्ही हौसेने, वेळ आणि पैसा खर्चून, स्वतःच्या खुशीने घालणार. आणि कंटाळा आला की काढून सुती पंजाबी घालणार. हा फरक पुसता येत नाही. दुसरीकडे, हेही खरे की निबंध लिहिताना पाच वर्षांत जे दिसले नाही ते बाही चार वेळा उसवताना दिसले. थोरलीला हा वाद व्यर्थ वाटतो. तिच्या मते शिवणे थांबवले तर एवढेच होईल, की पुढल्या खेपेला आपण पुन्हा फक्त पुढूनच बघू.

तेव्हा शिवणे चालू आहे. सध्या यंत्रावर पोलके नाही, चोळी आहे: थोरल्या आईंच्या चोळीवरून बेत उतरवून घेतला आणि गुळेदगुडच्या खणाची एकेक दोघींनी शिवून घेतली. काखेतला तुकडा पहिल्यांदा उलटा लागला. कॉर्सेट, हूक, पाठीवरच्या चौदा काजांची रांग हे सारे जमलेल्या हाताला तो साधा चौकोन तीनदा उसवावा लागला, यावर आत्ती बऱ्याच हसल्या.

छत्तीसचे पोलके खुंटीवर आहे. एका रविवारी ते शिकवणारीने चोळीवरून घातले, थोरलीने मागे टाचण्या मारल्या, आणि आम्ही छायाचित्र घेतले. आत्ती खुर्चीत बसल्या, कारण यजमान कामावर होते. टाचण्या नऊ लागल्या. डाव्या खांद्याखालची कितवी असावी यावर थोडी चर्चा झाली.

मूळ चोळी आत्तींनी त्याच संध्याकाळी परत मागितली. ठेवण्यापूर्वी पुढची गाठ सोडावी, असे शिवणारीचे म्हणणे होते. वर्षानुवर्षे गाठ राहिली की कापड त्या जागी विरते. आत्तींनी ती सोडू दिली नाही. कडुनिंबाची वाळली पाने घालून पुरचुंडी बांधली, आणि ट्रंक पलंगाखाली सारली.